अडतीस सेंटीमीटर

रोज सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना माझी मावशी नदीच्या पायऱ्या उतरायची. शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबून चष्मा काढायची, रुमालाने दोन्ही काचा पुसायची, चष्मा परत चढवायची आणि भिंतीवरच्या मोजपट्टीकडे बघायची. ओठ हलायचे. एक आकडा. मग तोंडी हिशेब करणाऱ्या मुलांसारखे तिचे डोळे किंचित वर जायचे आणि त्या आकड्यात ती अडतीस मिळवायची. मिळवलेला आकडा वहीत जायचा, तोच फोनवरून कार्यालयात जायचा. पट्टीवरचा मूळ आकडा तिथेच पाण्यापाशी राहायचा. अख्ख्या नोकरीत तिने तो एकदाच, एकाच माणसाला सांगितला.

मावशी पाणीखात्यात होती. दिवसातून तीनदा नदीची पातळी बघायची आणि कळवायची, पुराच्या दिवसांत दर तासाला, हे तिचं काम. गावाने तिला नाव दिलं होतं मोजणीबाई. पलीकडच्या काठावर तिची चौकी होती. आठ बाय दहाची खोली, एक खिडकी, एक फोन, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं स्टूल आणि टेबलावर वही. त्या वहीचा तिला फार अभिमान. तीस वर्षांच्या नोकरीत एकही खाडाखोड नाही, हे ती पाहुण्यांना चहाआधी सांगायची.

अडतीसची गोष्ट तिच्या नोकरीच्या पाचव्या वर्षातली. त्या वर्षीच्या पुरात एक झाडाचा बुंधा वाहत आला आणि मोजपट्टीच्या लोखंडी खांबावर आदळला. खांब वाकला. पाणी ओसरल्यावर एक तरुण इंजिनिअर आला, त्याने पट्टी सोडवली आणि पायऱ्यांच्या दगडी भिंतीत जिथे आयती भोकं होती तिथे बोल्ट मारून बसवून टाकली. ती जागा जुन्या जागेपेक्षा अडतीस सेंटीमीटर वर होती.

"पट्टी आता अडतीसने कमी दाखवणार," तो म्हणाला. "तुम्ही अडतीस मिळवून लिहीत जा. पंधरा दिवसांत नवा खांब बसवतो."

"लेखी देता का?"

"पंधरा दिवसांसाठी काय लेखी, बाई?"

त्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्याचीही झाली. खांब आला नाही. कार्यालयातल्या लोकांना वहीतले आकडे माहीत होते आणि ते बरोबर होते, त्यामुळे पट्टी चुकीच्या जागी आहे हे हळूहळू सगळे विसरले. मावशी विसरली नाही, पण तिला ते लक्षातही ठेवावं लागत नव्हतं. श्वास घेतल्यासारखं ती अडतीस मिळवायची.

घरात यावरून तिची फिरकी घेतली जायची. भाजी खारट झाली की काका चमचा खाली ठेवून गंभीरपणे विचारायचे, "अडतीस मिळवलेत वाटतं?"

काका म्हणजे तिचे यजमान. ते नावाडी होते. पूल होण्याआधी या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी एकच मोठी होडी होती आणि ती त्यांची होती. मावशीचं घर अलीकडे, चौकी पलीकडे. त्यामुळे ती लग्नाआधीपासून त्यांची रोजची प्रवासी. होडी काठाला लागली की ते एक पाय पाण्यात टाकून उतरायचे आणि उजवा हात पुढे करायचे. म्हातारी असो, शाळकरी पोर असो, फाइल सांभाळणारा साहेब असो, प्रत्येकाला हाताला धरून होडीत घ्यायचे. त्यांची करंगळी वाकडी होती. ऐन तारुण्यात दोर आणि खुंटा यांच्यात सापडून मोडली आणि तशीच जुळली. त्यामुळे त्यांचा हात धरला की चार बोटं आपल्याला धरायची आणि पाचवं बाहेर, वेगळंच कुठेतरी बघत असायचं.

लग्नानंतरही ते तिला होडीत घेताना चारचौघांत म्हणायचे, "अहो मोजणीबाई, हात द्या."

"रोज रोज काय मागता? एकदा दिला की!"

होडी हसायची. हा संवाद रोज व्हायचा आणि रोज कुणीतरी नवं माणूस होडीत असायचं, त्यामुळे तो शिळा झाला नाही.

मग पूल झाला. पूल चांगला होता, त्याबद्दल काकांनीही कधी वाईट शब्द काढला नाही. उद्घाटनाच्या दिवशी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "बारा मिनिटं," घरी येऊन म्हणाले. "माझ्यापेक्षा सात मिनिटं कमी. आणि पुलाला भूक लागत नाही." होडी त्यांनी उलटी करून अंगणात ठेवली. दोनच वर्षांत त्यांच्या छातीत पाणी व्हायला लागलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं आणि खोकला आला.

त्याच सुमारास गावाच्या समितीने ठरवलं की जिथे होडी लागायची तिथे, नदीतच, नावाड्याचं एक शिल्प उभारायचं. कायमस्वरूपी. हा शब्द ठरावात तीनदा होता. शिल्पकार बाहेरगावचे होते. लुकडे, चाळिशीतले, सगळ्या खिशांत कागदाचे तुकडे. त्यांची कल्पना साधी होती. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला ब्राँझचा नावाडी आणि त्याचा पुढे केलेला उजवा हात, पाण्याच्या वर बरोबर चार बोटं. वर्षाचे आठ महिने नदीची पातळी जवळजवळ स्थिर असते, खालचा बंधारा ती धरून ठेवतो. त्या पातळीला हात पाण्याला टेकल्यासारखा दिसेल, पण टेकणार नाही. छोट्या नावेतून कुणीही जवळ जावं आणि हात हातात घ्यावा.

चेहरा कुणाचाही नको, असं त्यांचं म्हणणं होतं. पण हात मात्र त्यांना खरा हवा होता, म्हणून ते मावशीच्या घरी आले.

त्या दिवशीचं मावशीने मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असं मला वाटतं. काका खाटेवर बसलेले, पाठीला दोन उशा. समोर स्टुलावर बादली, तिच्यात साच्यासाठी कालवलेला गुलाबी लगदा. शिल्पकारांनी काकांचा हात मनगटापर्यंत त्यात बुडवला आणि म्हणाले, "आता दहा मिनिटं अजिबात हलायचं नाही."

"मातीवाले साहेब," काका म्हणाले, "चाळीस वर्षं हलत्या होडीत ताठ उभा राहिलो. आता खाटेवर बसून हलू नका म्हणता!"

"खोकला आला तर?"

"विचारून येईल."

खोकला आला नाही. हात बाहेर निघाला तेव्हा लगद्यात त्याची पोकळी राहिली होती. मावशीने वाकून आत बघितलं. करंगळीच्या जागी एक वाकडी वाट होती. "ही सरळ करू का?" शिल्पकारांनी विचारलं. "केलीत तर मी ओळखणार नाही," मावशी म्हणाली.

जाताना ते दारात थांबले. "शिल्प बसलं की पहिला हात तुम्ही धरायचा," ते तिला म्हणाले. "समितीच्या अध्यक्षांच्याही आधी. मी त्यांना सांगितलंय."

काका सहा आठवड्यांनी गेले. सकाळी साडेसातला. आठच्या नोंदीसाठी मावशीने शेजारच्या बाईला त्यांच्यापाशी बसवलं, पुलावरून चालत पलीकडे गेली, पातळी बघितली, अडतीस मिळवले, कळवले आणि परत आली. त्या दिवसाची नोंद वहीत आहे. अक्षर नेहमीसारखंच आहे.

महिन्याभराने शिल्पकार पुन्हा आले. नदीतला चौथरा बांधायला घ्यायचा होता आणि त्यासाठी त्यांना एक आकडा हवा होता. नेहमीची पातळी किती. कार्यालयातून रीतसर मिळाला असता, पण ते म्हणाले, बाईंपेक्षा जास्त कुणाला माहीत? दोघं पायऱ्यांवर उभी होती. पाणी नेमकं नेहमीच्या जागी होतं. त्यांनी विचारलं, "त्यांचा हात कुठे असायचा? पाणी इथे असताना?"

मावशीने पाण्याकडे बघितलं. त्या क्षणी तिला काय दिसलं ते तिने कधी शब्दांत सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तिने पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे एवढं पाणी. एक बेचाळीस. त्याच्या वर चार बोटं."

शिल्पकारांनी खिशातल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं. १.४२.

वहीत त्या दिवशी तिने एक ऐंशी लिहिलं आहे.

चौथऱ्याचा नकाशा कार्यालयात झाला. तिथे सगळ्या उंच्या वहीच्या मापाने मोजल्या जायच्या, जुन्या खांबाच्या मापाने. एक बेचाळीस त्यांनी त्याच मापाने धरलं. उन्हाळ्यात वाळूच्या गोण्या रचून पाणी अडवलं, चौथरा बांधला, नावाडी उभा केला. कोरड्यात तो फार सुंदर दिसत होता म्हणतात. हात बघायला लोक रांग लावून यायचे, लांबूनच, कारण समितीने दोरी बांधली होती. मावशी दोरीच्या अलीकडेच राहिली. तिला पाणी आल्यावर, नावेतून, ठरल्याप्रमाणे जायचं होतं.

अनावरणाच्या दिवशी पाणी बंधाऱ्याने धरलं होतं, नेहमीच्या जागी. मावशी नवी चप्पल घालून पायऱ्यांवर आली, सवयीने चष्मा पुसला, पट्टी बघितली. एक बेचाळीस. कापड खाली आलं. टाळ्या वाजल्या आणि मग एकेक करून थांबल्या.

नावाडी छातीपर्यंत पाण्यात उभा होता. खांदा दिसत होता, दंड दिसत होता, आणि कोपरापासून पुढे पाणी.

"हात कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"काहीतरी शोधतोय तो खाली," दुसरं कुणीतरी म्हणालं. "चप्पल पडली असेल."

हशा पिकला. त्या एका वाक्याने शिल्पाला नाव दिलं. आजही गावात 'चप्पलशोध्यापाशी भेटू' असंच म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं.

मावशीला तिथे उभ्या उभ्या सगळं कळलं. कोपरापासून हातापर्यंत तिने नजरेनेच मोजलं. पाण्याच्या वर चार बोटं असायच्या जागी हात एक फूट खाली होता. आयुष्यात तिने आकडा एकदा मावशी म्हणून नाही, मोजणीबाई म्हणूनही नाही, त्यांची बायको म्हणून सांगितला होता, आणि त्यात मिळवायचं राहिलं होतं.

चार दिवसांनी कार्यालयात बैठक झाली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुमच्या वहीत नेहमीची पातळी एक ऐंशी. यांच्या कागदावर एक बेचाळीस. हे कुठून आलं?"

मावशीने तोंड उघडलं. शिल्पकार तिच्याआधी म्हणाले, "मीच ऐकताना किंवा लिहिताना चुकलो असेन. आणि नुसतं तेवढंच नसेल. हात खांद्याला जोडतानाही मी खाली घेतला असणार. एका चुकीने एवढा फरक पडत नाही."

साहेबांनी मावशीकडे बघितलं. "तुमच्या वहीत चूक नाही ना?"

"वहीत नाही," मावशी म्हणाली.

हे खरं होतं. ती पुढे मला म्हणायची, त्या दोन शब्दांइतकं खरं मी दुसरं काही बोलले नाही आणि त्याहून खोटंही नाही.

शिल्पकार गाव सोडून गेले. मावशीने आणखी सहा वर्षं नोकरी केली, निवृत्त झाली, चौकीची किल्ली दिली. पण सकाळी आठला पायऱ्यांवर जायचं थांबवलं नाही. मी शिकायला तिच्याकडे राहायला आले तेव्हा मला वाटलं हा व्यायाम आहे. मी एकदा थट्टेने म्हटलं, "मावशी, आता कुणाला कळवतेस?"

"त्यांना," ती म्हणाली, आणि दुधाची पिशवी कापायला लागली.

उन्हाळ्यात एखाद्या वर्षी पाणी एक बाराच्या खाली गेलं तर हात बाहेर यायचा, चार-पाच दिवस. त्या दिवसांत मात्र ती नदीवर जायची नाही. पाय दुखतात म्हणायची. मी मान डोलवायची. बाजारात जाताना तेच पाय दुखत नसत.

शिल्प बसून बारा वर्षं झाली त्या वर्षी, एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना तिने मला सगळं सांगितलं. अडतीसपासून. सांगून झाल्यावर शेवटच्या टॉवेलची घडी उलगडून परत घातली. "त्यांचा पत्ता काढून देशील?"

पत्ता सहज मिळाला. बसने दोन तासांवरच्या गावात ते एका शाळेत चित्रकला शिकवत होते आणि घरामागे सिमेंटच्या कुंड्या करून विकत होते. आम्ही गेलो तेव्हा अंगणभर कुंड्या होत्या, साच्यातून काढलेल्या, ओल्या, ओळीने. ते त्यांच्यावर झारीने पाणी शिंपडत होते. केस पांढरे झालेले. शर्टाला एकच खिसा होता आणि तो रिकामा होता.

"ओळखलं मी तुम्हाला," ते म्हणाले. "बसा ना. त्या कुंडीला टेकू नका, ओली आहे."

मावशी बसली नाही. शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी उभी राहून म्हणाली, "एक बेचाळीस हा पट्टीवरचा आकडा होता. वहीतला एक ऐंशी. पट्टी अडतीस सेंटीमीटर वर बसवली आहे, ते मला मिळवावं लागतं. त्या दिवशी मी मिळवलं नाही."

झारी त्यांच्या हातात तिरकीच राहिली. पाणी एकाच कुंडीवर पडत राहिलं. मग त्यांनी फुटक्या कौलाचा तुकडा उचलला आणि फरशीवर एक उभी रेघ काढली. तिच्यावर दोन खुणा केल्या. दोन्हींमध्ये बोट ठेवलं. "अडतीस."

"हो."

"म्हणजे हात बरोबर होता."

"हात बरोबर होता."

ते कट्ट्यावर बसले. म्हणाले, "मी तो साचा कितीदा मोजला, बाई. वर्षभर घरी ठेवला होता. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट. एक बेचाळीस मी नीटच ऐकलं असं वाटायचं, त्यामुळे कागदावरच्या चुकीची मला खात्री नव्हती. हाताची होती. मग पुन्हा कुणी मोठं काम दिलं की वाटायचं, आपल्याला माणसाचा हात जमत नाही." त्यांनी अंगणाकडे बघितलं. "कुंडीला हात नसतो."

मावशीच्या हातात पर्स होती. तिची चेन ती उघडत होती आणि लावत होती.

"बारा वर्षं, बाई," ते म्हणाले. आवाज चढला नाही. पण माफ केलं असंही ते म्हणाले नाहीत, आणि मावशीने मागितलंही नाही. निघताना ते उठले, पण फाटकापर्यंत आले नाहीत. झारी भरायला नळापाशी गेले.

परतीच्या बसमध्ये अर्ध्या रस्त्यात तिने पर्सची चेन एकदाची लावली. मग म्हणाली, "त्यांच्या कुंड्या सगळ्या एका मापाच्या होत्या. बघितलंस?" आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयाला एक पानाचं पत्र लिहिलं. चूक माझी, शिल्पकारांची नाही, हे समितीला कळवावं, आणि शक्य असेल तर नावाडी अडतीस सेंटीमीटर वर घ्यावा. दोन महिन्यांनी उत्तर आलं. शिल्प कायमस्वरूपी असून पायाची उंची बदलणे शक्य नाही. आपल्या खुलाशाची नोंद घेण्यात आली आहे.

"नोंद तरी झाली," मावशी म्हणाली. पत्राची प्रत तिने शिल्पकारांना पाठवली. तिकडून काही आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं. एके सकाळी ती पायऱ्यांवरून परत आली ती जवळजवळ धावत. "एक शून्य एक," ती म्हणाली. तिने पट्टीवरचा आकडा मला मोठ्याने सांगितला ही पहिली वेळ. "हात आलाय."

मी तिच्याबरोबर गेले. हात खरंच आला होता, मनगटासकट, शेवाळाने हिरवा. आणि कुणीतरी गावकऱ्याने संधी साधून त्याच्या बोटांत एक रबरी चप्पल अडकवली होती. माझ्या अंगाची लाही झाली. मावशीने मात्र बघितलं, बघत राहिली, आणि तिला हसू फुटलं. "सापडली वाटतं एकदाची!" हसता हसता तिला पायरीवर बसावं लागलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

काठावर फिरायला नावा देणाऱ्या नौका मंडळाच्या रखवालदाराने जाऊन चप्पल काढली. तो म्हणाला, "मोजणीबाई, चला की, सपाट तळाची नाव आहे, दोन मिनिटांत नेतो." मीही म्हटलं, चल. तेरा वर्षं झाली होती. हात पंधरा पावलांवर होता आणि करंगळी स्पष्ट दिसत होती.

ती उठली. एक पाय पाण्यात टाकला. आणि थांबली.

"आधी त्यांना कळव," ती मला म्हणाली.

"कुणाला?"

"मातीवाल्या साहेबांना. त्यांनी केलेला हात त्यांनीच पाण्याच्या वर बघितलेला नाही. ते आल्यावर जाऊ. पहिला हात त्यांचा."

मी फोन केला. पलीकडे बराच वेळ कुंड्यांवर पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. "बघतो," ते म्हणाले.

त्या दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मावशी सकाळी आठ ते दुपारी बारा पायऱ्यांवर बसायची, छत्री घेऊन. रखवालदार येता-जाता म्हणायचा, "बाई, नवरा तुमचा आणि वाट भलत्याची!" ती म्हणायची, "वाट बघायला मला जमतं. तू आपली नाव बघ." तिसऱ्या दिवशी मी चिडले. म्हटलं, "ते येणार नाहीत, मावशी. तू कशाला थांबतेस? तुझा हक्क आहे."

"बारा वर्षं ते थांबले," ती म्हणाली. "मी चार दिवस थांबू नको?"

पाचव्या दिवशी पहाटे वरच्या धरणातून पाणी सोडलं. आम्ही गेलो तेव्हा पट्टीवर एक सदतीस होतं. नावाडी छातीपर्यंत पाण्यात उभा होता, नेहमीसारखा, खाली काहीतरी शोधत.

शिल्पकार सातव्या दिवशी आले. हातात कापडी पिशवी होती, तिच्यात एक छोटी कुंडी, रोप लावलेली. शाळेच्या परीक्षा होत्या म्हणाले. मावशीने ऐकून घेतलं. दोघं एकाच पायरीवर बसली, मध्ये कुंडी.

"करंगळी दिसली?" त्यांनी विचारलं.

"दिसली. तशीच आहे."

"मी सरळ केली नाही."

"माहीत आहे मला."

शेवटची बस चुकेल म्हणून ते उठले तेव्हा मावशी त्यांना पुलापर्यंत सोडायला गेली.

पुढच्या थंडीत ती घसरून पडली आणि खुबा मोडला. त्यातून उठलीच नाही. खिडकीतून नदी दिसत नव्हती, म्हणून तिने काम मला लावलं. रोज सकाळी आठला मी पायऱ्या उतरायची, पट्टी बघायची आणि तिथूनच तिला फोन करायची. पहिले काही दिवस मी चुकायची. ती ओरडायची, "खाली वाकून बघ, वरून बघितलं की दोन सेंटीमीटर जास्त दिसतं." नंतर चुकेनाशी झाले. हात पाण्याखालीच होता. त्या वर्षी आणि पुढच्याही उन्हाळ्यात पाणी एक बाराच्या खाली गेलं नाही.

शेवटच्या सकाळी धुकं होतं. नावाड्याचं फक्त डोकं आणि खांदा दिसत होता. तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. असतं तर मी पायऱ्यांवर रेंगाळले नसते, वाटेत दुकानात रांगेत उभी राहिले नसते, नऊच्या आत घरी पोहोचले असते.

"मावशी, एक बेचाळीस," मी म्हटलं.

"अडतीस मिळव," ती म्हणाली. "आणि येताना पाव आण, कालचा कडक झालाय."